पळसाला पान एकच

पळसाला पानें तीन ही म्हण व्यवहारांत कितीहि खरी असली, तरी वनस्पतिशास्त्र तिला मान्यता देत नाहीं. ज्यांना आपण तीन पानें म्हणतों, त्या एकाच संयुक्त पानाच्या तीन दलिका होत. खूण सोपी आहे. पान जेथें फांदीला मिळतें तेथें, म्हणजे त्याच्या बगलेंत, कळी असते. दलिकेच्या बगलेंत ती नसते. ज्याला हें ठाऊक आहे तो चित्रकार फांदीपासून एक देठ काढून त्यावर तीन दलिका बसवील. ज्याला ठाऊक नाहीं तो तीन स्वतंत्र पानें फांदीला चिकटवील. मग रंग कितीहि हुबेहूब साधोत, तें चित्र पळसाचें होणार नाहीं.

वनस्पतिचित्र हें शोभेच्या चित्राहून वेगळें. त्यावरून अभ्यासकास झाड ओळखतां आलें पाहिजे. त्यासाठीं हाताच्या आधीं डोळा तयार व्हावा लागतो, आणि डोळ्याला शब्दांचें साहाय्य लागतें. ठाण्यांतील वा डोंबिवलींतील कोणत्याहि सज्जांत आढळणारी जास्वंद घ्या. बाहेरच्या बाजूस हिरवा संवर्त. त्याच्या आंत पांच प्रदलें, म्हणजे पाकळ्या. मधोमध केसरांचे तंतु एकमेकांस जुळून झालेली नळी. आणि त्या नळींतून वर आलेल्या किंजलाचीं पांच टोंकें. इतके शब्द माहीत असले म्हणजे टोंकें मोजल्यावांचून कुंचला उचलवत नाहीं.

येथें संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. अमरकोशांत किंजल्क व केसर हे पर्यायशब्द आहेत. आजच्या मराठी परिभाषेंत मात्र केसर हा पुष्पाचा पुरुषावयव, तर किंजल्क म्हणजे पराग ग्रहण करणारें स्त्रीकेसराचें टोंक. जुना अर्थ मनांत ठेवून चित्रावर नांवें घातल्यास अवयवांची अदलाबदल होईल.

शब्दांनंतर कुलें शिकावीं. जास्वंदीची ती केसरनळी भेंडी, कापूस, अंबाडी आणि पारोसा भेंड या सर्वांत दिसते, कारण हीं एकाच कुलांतील भावंडें आहेत. तुळशीचें खोड बोटांत फिरवून पाहावें. तें चौकोनी लागतें, पानें समोरासमोर असतात, फूल दोन ओठांचें असतें. पुदिन्याचेंहि तसेंच. एक कुल नीट कळलें कीं अनोळखी झाडापुढें बसतांना काय शोधावयाचें तें आधींच ठाऊक असतें.

कुलांच्या सीमा मात्र अचल नाहींत. ठाण्याच्या खाडींतील तिवर पूर्वीं सागाच्या कुलांत गणलें जाई. जनुकांच्या अभ्यासानंतर तिवर येऊरच्या डोंगरांतील कारवीच्या व अडुळशाच्या कुलांत गेलें, आणि साग तुळशीच्या कुलांत आला. १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झालेला कुकसाहेबांचा मुंबई इलाख्यावरील ग्रंथ आजहि उपयोगी आहे. पण त्यांतील कुलाचें नांव नव्या पुस्तकाशीं ताडून पाहिल्याशिवाय चित्राखालीं लिहूं नये.

ही विद्या आपणांस परकी नाहीं. डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲमस्टरडॅम येथें छापला गेला. त्या कामीं रंगभट, विनायकपंडित व आपुभट या कोंकणी ब्राह्मण वैद्यांनीं साहाय्य केलें. १६७५ सालचें त्यांचें नागरी लिपींतील निवेदन त्या ग्रंथांत आहे, आणि चित्रांवरहि नागरी अक्षरांत नांवें आहेत. झाड ओळखणारा व चित्र काढणारा तेथें निरनिराळे होते. घरीं बसून चित्र काढणाऱ्यास हीं दोन्हीं कामें एकट्यानें करावीं लागतात.

आरंभास एक भिंग, धारदार पातें आणि दोन फुलें पुरेत. एक फूल अखंड ठेवावें, दुसरें उभें चिरावें. मोजावें, मोजलेलें लिहावें, मग रेघ ओढावी. आठवड्यास एक कुल धरलें तरी वर्षाअखेर आपल्या परिसरांतील बहुतेक झाडें नांवानें हांक मारतां येतील. चित्र पुरें झालें म्हणजे आधीं झाडाचें नांव व कुल लिहावें, आणि मग आपली सही करावी.