कॉल आला होता, पण स्पॅममध्ये पडून राहिला!

आज आपल्या समाजाच्या घराघरांत मुले शिकत आहेत. कुणी आय.टी.आय. करतो, कुणी नर्सिंगला जाते, कुणी पदवी हातात घेऊन स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतो. या मुलांच्या आयुष्यात एका पत्राला फार किंमत असते. मुलाखतीचे पत्र, प्रवेशाचे पत्र, शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली ती दुरुस्त करा असे सांगणारे पत्र. पूर्वी अशी पत्रे पोस्टमन आणून देई. घरी कुणी नसले तर शेजारची मावशी ते घेऊन ठेवी. आता बहुतेक पत्रे ई-मेलने येतात. ती कधी आली आणि कुठे पडली याची शेजाऱ्यांना सोडाच, ज्याच्या नावाने आली त्यालाही खबर नसते.

आमच्या परिचयाच्या एका वस्तीत घडलेली गोष्ट घ्या. वडील सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीने कर्ज काढून नर्सिंगचा कोर्स पुरा केला आणि एका खासगी रुग्णालयात अर्ज टाकला. दोन महिने रोज मोबाईल उघडून पाहिला, पण मुलाखतीचा कॉल आला नाही. शेवटी मैत्रिणीने तिचा ई-मेल नीट उघडून दिला, तर कॉल स्पॅम नावाच्या कप्प्यात पडलेला! मुलाखतीची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. रुग्णालयात फोन केला तेव्हा जागा भरल्याचे कळले. रुग्णालयाने पत्र पाठवले होते, मुलगी वाट पाहत होती. मधल्या चाळणीने घात केला.

ही चाळणी म्हणजे काय, ती कुठे चुकते आणि चुकली तर काय करावे, हे घरातल्या मोठ्यांनाही कळावे म्हणून हा लेख.

चाळणी आली कुठून?

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या मालाची जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे जणांना संगणकावरून पाठवली. मागितले नसताना आलेले ते पहिले जाहिरातपत्र मानले जाते. पुढे अशा पत्रांना 'स्पॅम' हे नाव पडले. मूळ शब्द डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचा. १९७० साली इंग्लंडमधील एका विनोदी कार्यक्रमात तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून लोकांना भंडावून सोडले होते. तशीच ही पत्रे माणसाला भंडावतात, म्हणून तेच नाव.

स्पॅमचा पूर आला तेव्हा तो अडवायला चाळणी लागली. २००२ साली पॉल ग्रॅहॅम या संगणकतज्ज्ञाने एक उपाय लिहून प्रसिद्ध केला. अठराव्या शतकातील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या गणितावर तो आधारलेला होता. उपाय साधा आहे. खोट्या पत्रांत कोणते शब्द जास्त येतात आणि खऱ्या पत्रांत कोणते, हे मोजायचे. नवे पत्र आले की त्यातले शब्द पाहून ते खोटे असण्याची शक्यता किती, याचा अंदाज करायचा. आजच्या चाळण्या याहून पुष्कळ पुढे गेल्या आहेत. पत्र कुणी पाठवले, त्याच्या आधीच्या पत्रांचे लोकांनी काय केले, हेही त्या पाहतात. पण शेवटी तो अंदाजच.

आता विचार करा. लॉटरी लागल्याच्या खोट्या पत्रात 'अभिनंदन', 'तुमची निवड झाली', 'ताबडतोब संपर्क साधा' असे शब्द असतात. नोकरीच्या खऱ्या पत्रातही हेच शब्द असतात! आई तांदूळ निवडते तेव्हा खड्याबरोबर कधी चांगला दाणाही बाजूला जातो. फरक एवढाच की आई बाजूला काढलेले पुन्हा एकदा बोटाने चाळून पाहते. आपण स्पॅमचा कप्पा उघडतसुद्धा नाही.

आधी घर आपले आहे का ते पाहा

पत्र मिळत नाही म्हणून लगेच चाळणीला दोष देऊ नये. पायरीपायरीने तपासावे.

पहिली तपासणी खात्याची. आपल्यातल्या पुष्कळ मुलांचे ई-मेल खाते सायबर कॅफेवाल्याने किंवा फॉर्म भरून देणाऱ्याने उघडलेले असते. पासवर्ड त्याच्या वहीत आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही त्याचाच! कधी कधी तर तो दहा जणांच्या फॉर्मवर स्वतःचाच ई-मेल टाकतो. मग पत्र तुमच्या नावाचे, पण पोहोचते दुसऱ्याच्या घरी. खाते स्वतःचे उघडा, नंबर स्वतःचा जोडा, पासवर्ड स्वतःच्या वहीत ठेवा. भरलेल्या फॉर्मची प्रत काढून त्यावर ई-मेलचा पत्ता अक्षर न अक्षर जुळतो का ते पाहा. फोनमध्ये दोन खाती असतील तर फॉर्मवर दिलेले खाते कोणते, हेही पाहा. दोन वर्षे अजिबात न वापरलेली खाती गुगलने डिसेंबर २०२३ पासून बंद करून पुसायला सुरुवात केली आहे. तेव्हा जुने खाते अधूनमधून उघडत राहावे.

दुसरी तपासणी जागेची. जीमेलच्या खात्याला फुकट मिळणारी जागा १५ जी.बी. असते. त्यातच गुगलवर साठवलेले फोटो, व्हिडिओ आणि ड्राईव्हवरचे कागद येतात. ॲण्ड्रॉईड फोनवर व्हॉट्सॲपची जी प्रत गुगलवर साठते तीही २०२४ पासून याच जागेत धरली जाते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे, चैत्यभूमीचे, लग्नाचे व्हिडिओ साठत जातात आणि जागा भरते. जागा भरली की नवे पत्र आतच येत नाही. ते पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि आपल्याला स्पॅममध्येही सापडत नाही. मोठे व्हिडिओ काढून जागा मोकळी करावी.

तिसरी तपासणी कप्प्यांची. जीमेलमध्ये मुख्य कप्प्याशेजारी 'प्रमोशन्स', 'अपडेट्स' असे आणखी कप्पे असतात. तिथे गेलेले पत्र स्पॅम झालेले नसते, फक्त समोर दिसत नाही. तेही उघडून पाहावेत.

आता चाळणी दुरुस्त करू

जीमेलच्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघा दाबल्या की कप्प्यांची यादी उघडते. त्यात खाली 'स्पॅम' दिसेल. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. स्पॅममधले पत्र तीस दिवसांनी आपोआप पुसले जाते, मग ते शोधून मिळत नाही. नेहमीच्या शोधातही स्पॅममधली पत्रे येत नाहीत. संस्थेचे नाव टाकून शोधले, काही आले नाही, म्हणजे पत्र आलेच नाही असे समजू नये. कप्पा उघडूनच पाहावा.

खरे पत्र सापडले तर ते तिथेच वाचून सोडू नका. ते उघडून 'नॉट स्पॅम' म्हणजे 'स्पॅम नाही' हे बटण दाबा. पत्र मुख्य कप्प्यात येते आणि चाळणीही शिकते. पुढे त्या संस्थेची पत्रे अडण्याचा संभव कमी होतो. त्याबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या संपर्क यादीत घाला.

याच्या उलटही घडते. घरातले लहान मूल खेळता खेळता एखाद्या चांगल्या पत्रावर 'रिपोर्ट स्पॅम' दाबते. किंवा जाहिरातींचा कंटाळा येऊन आपणच एखाद्याला 'ब्लॉक' करतो. ब्लॉक केलेल्याची पत्रे सरळ स्पॅममध्ये जातात. म्हणून ब्लॉक केलेल्यांची यादी एकदा पाहून घ्यावी.

एवढे करूनही पत्र स्पॅममध्ये जात असेल तर संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमध्ये 'फिल्टर' तयार करावा. त्यात संस्थेचा पत्ता टाकून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' या ओळीपुढे खूण करावी. मोबाईलच्या ॲपमध्ये ही सोय नाही, तेव्हा वाचनालयातील किंवा मित्राच्या संगणकावर हे काम करावे. मात्र उठताना आपले खाते बंद करायला विसरू नये.

काही जण कामाच्या ठिकाणी आऊटलुक किंवा थंडरबर्ड वापरतात. आऊटलुकमध्ये या कप्प्याला 'जंक ईमेल' म्हणतात. तिथे पत्रावर 'नॉट जंक' करावे आणि पत्ता 'सेफ सेंडर्स'च्या यादीत घालावा. थंडरबर्डची चाळणी आपण शिकवू तशी शिकते. तिला नुसती खोटी पत्रे दाखवून चालत नाही, चांगली पत्रेही चांगली म्हणून दाखवावी लागतात. चुकीचे शिकवले गेले असेल तर सेटिंगमधून तिचे शिक्षण पुसून नव्याने शिकवता येते. यात एक मेख आहे. अशा प्रोग्रामची एक चाळणी आणि ई-मेल कंपनीची दुसरी, अशा दोन चाळण्या लागतात. खाते 'पॉप' पद्धतीने जोडलेले असेल तर प्रोग्राममध्ये फक्त मुख्य कप्प्यातली पत्रे उतरतात. कंपनीच्या चाळणीने अडवलेले पत्र तिथे कधीच दिसत नाही. ते पाहायला ब्राऊझरमधूनच खाते उघडावे लागते.

दोष नेहमी आपलाच नसतो

पाठवणाऱ्यालाही स्वतःची ओळख पटवावी लागते. रेशनकार्डावर नाव चढवायला आपल्याला जसे दाखले लागतात, तसे ई-मेल पाठवणाऱ्या संस्थेलाही लागतात. त्यांना एस.पी.एफ., डी.के.आय.एम., डी.एम.ए.आर.सी. अशी नावे आहेत. दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे दाखले सक्तीचे केले. एखाद्या लहान कॉलेजने किंवा दवाखान्याने ही जुळणी केली नसेल तर त्यांची खरी पत्रेही स्पॅममध्ये जातात. म्हणून अर्ज केल्यावर आठ-पंधरा दिवसांत त्या कार्यालयात फोन करून विचारावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपण भीक मागत नाही, अर्जाची चौकशी करतो.

शिवाय नुसत्या ई-मेलवर विसंबू नये. रेल्वे भरती मंडळ, आय.बी.पी.एस., एम.पी.एस.सी. यांची प्रवेशपत्रे त्यांच्या संकेतस्थळावरून स्वतःच उतरवून घ्यावी लागतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल तर तिथे लॉगिन करून अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहावे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते, तेही ई-मेलनेच येते. अशा मुलांनी तर स्पॅमचा कप्पा रोज पाहावा.

बाहेर काढलेले प्रत्येक पत्र खरे नसते

पण सावध! स्पॅममध्ये खरे पत्र असू शकते, म्हणजे तिथले सगळे खरे असे नव्हे. नोकरी लावतो म्हणून गरिबांच्या मुलांना लुबाडणारे तिथेच दबा धरून असतात. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते इथेही लागू पडते. कुणी सांगितले म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. यंत्राने स्पॅम म्हटले म्हणून पत्र खोटे ठरत नाही आणि मुख्य कप्प्यात आले म्हणून खरेही ठरत नाही.

पारखायचे कसे? पाठवणाऱ्याचे नाव कुणालाही काहीही लावता येते, म्हणून नावाखालचा पूर्ण पत्ता पाहा. सरकारी खाते म्हणवणारे पत्र साध्या जीमेलवरून आले असेल तर संशय घ्या. आपण अर्जच केला नव्हता तिथून 'निवड' झाली असेल तर संशय घ्या. ट्रेनिंगसाठी, गणवेशासाठी, 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणून पैसे मागितले तर संशय कसला, ती फसवणूकच समजा. पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. संस्थेचा फोन नंबर तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि विचारा. ओ.टी.पी. कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

विहारातला अर्धा तास

शिकलेल्या मुलाला हे सारे सोपे वाटेल. पण पहिल्याच पिढीत अर्ज भरणाऱ्या मुलाला, किंवा मुलीच्या फोनकडे आशेने पाहणाऱ्या आईला हे कोण सांगणार? आमची तरुणांना विनंती आहे. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा. ज्यांनी अर्ज केले आहेत त्यांना फोन घेऊन बसवा. खाते कुणाचे, जागा किती, स्पॅममध्ये काय, एवढे तिघांनी मिळून पाहिले तरी वस्तीतल्या पाच-पन्नास मुलांचे काम होईल. पण पासवर्ड ज्याचा त्यानेच टाकावा. आपण फक्त शेजारी बसून दाखवावे, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतः करील आणि चौथ्याला शिकवील.

आई-वडिलांनीही आठवड्यातून एकदा मुलांना विचारावे, "बाळा, स्पॅमचा कप्पा पाहिलास का?" एवढा एक प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. सर्वांना सप्रेम जयभीम!