शाफ्ट तुटला की माल खराब? हिशेब दोन ताणांचा करा

उद्यमबाग असो की मच्छे औद्योगिक वसाहत, मशीनचा शाफ्ट तुटला की पहिला शेरा ठरलेला: माल खराब. कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा माल चांगला असतो, हिशेबच अर्धा झालेला असतो.

वारंवार उलटसुलट होणाऱ्या ताणाने, तो मालाच्या ताकदीपेक्षा बराच कमी असला तरी, धातूला तडा जातो. याला फटीग म्हणतात. १९व्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवलं.

बेल्टच्या ओढीने शाफ्ट वाकतो, लोडने पिळला जातो. समजा वाकण्याचा ताण १२० मेगापास्कल, पिळाचा ८०, आणि दोन्ही एकाच तालात उलटसुलट होतात. ६०० मेगापास्कल ताकदीच्या स्टीलचा गुळगुळीत नमुना साधारण ३०० पर्यंत टिकतो, पण कीवेच्या कोपऱ्यापाशी ही मर्यादा निम्म्यावर, म्हणजे १५० वर येऊ शकते. नुसतं वाकणं १२०, चाललं. नुसता पीळ, त्याला तीनच्या वर्गमुळाने गुणलं तर १३९, तोही चालला. दोन्ही एकत्र धरले की फॉन मिसेसच्या सूत्राने येतात १८३. गेला शाफ्ट! आणि १४४० आरपीएमला १० लाख फेऱ्या साडेअकरा तासांत होतात.

खरी गोची पुढे आहे. दोन्ही ताणांचा ताल जुळत नसेल तर सर्वात जास्त ताणाची दिशाच फिरत राहते आणि हे सूत्र फसवू शकतं. तेव्हा 'क्रिटिकल प्लेन' पद्धत वापरतात: धातूतली एकेक पातळी तपासायची, घसरण जास्त कुठे आणि तडा उघडणारा ओढही कुठे, ते बघायचं. हे काम संगणकाचं.

लोड कमी-जास्त होत असेल तर प्रत्येक लोडने आयुष्याचा किती हिस्सा खाल्ला याची बेरीज करतात. ती एकवर पोचली की आयुष्य संपलं असं धरायचं. आम्हा कॉमर्सवाल्यांना हा घसाराच वाटतो, पण इथे एकाच लॉटचे दोन शाफ्ट कितीतरी वेगळे टिकतात. म्हणून आलेल्या आकड्यावर भरपूर सूट ठेवावी लागते.

तुटलेले तुकडे घासून साफ करू नका. तडा आडवा सरळ असेल तर संशय वाकण्यावर, ४५ अंशांत तिरका असेल तर पिळावर. शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या तर त्या जिथून सुरू होतात, ती जागा आधी बघा.