बारा अँप्यूल

सकाळी 6.40
दारव्ह्याहून यवतमाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. प्रशिक्षण द्यायला निघालेल्या मॅडमच्या मांडीवर लॅपटॉप, पायाशी पिशवी. तिच्यात मुदत संपलेल्या अ‍ॅट्रोपीनच्या काचेच्या अँप्यूल. बाहेर कपाशी. एकजण पाठीवर पंप घेऊन ओळीत उतरलाय, तोंडाला नुसता रुमाल.

9.30
नर्सिंग कॉलेज. आज वर्गात ट्यूटर बसलेत, अकरा जण. 2021 च्या अभ्यासक्रमात सिम्युलेशन, म्हणजे खोट्या रुग्णावर सराव, आलंय, ते घ्यायचं कसं हे शिकायला. प्रोजेक्टर लागतो, नेट लागत नाही. मॅडम स्वतःचा मोबाइल जोडतात. डेटा त्यांचाच.

10.15
पडद्यावरचा रुग्ण फवारणी करणारा मजूर. घाम, लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तो इंग्रजी बोलतो, म्हणून त्याचा आवाज बंद. त्याच्या जागी मागून एक सिस्टर बोलते, "बाई, मले काई दिसून नाई रायलं जी!"

पाच ट्यूटर विद्यार्थी झालेत, एक सर शिक्षक. माऊसने ऑक्सिजन लागतो, सलाईन लागतं. भिजलेला शर्ट अंगावर तसाच.

सरांना राहवत नाही. "अहो, आधी कपडे..."

मॅडम हात वर करतात. "सर, आता गप्प राहायचं. हा रुग्ण बिघडला तरी चालतो."

वर्ग शांत. नाडी घसरते. सर पेन घट्ट धरून बसलेत. बऱ्याच वेळाने कोपऱ्यातून आवाज येतो, "शर्ट! विष अंगावरच आहे!"

मला विचाराल तर दिवसातलं सगळ्यात अवघड काम सरांनी केलं.

12.00
अ‍ॅट्रोपीन. या विषावरचा उतारा. आधी 3 अँप्यूल, पाच मिनिटांनी 6, मग 12, छातीतली घरघर थांबेपर्यंत. पडद्यावर एक क्लिक. मॅडम पिशवी उघडतात. "आता हाताने. बारा."

गॉजमध्ये मान धरायची, मोडायची, सिरिंजमध्ये ओढायची. टक्, टक्. एकीचा अंगठा कापतो. घड्याळात तीन मिनिटं गेली.

2.30
चर्चा. "चुकलं काय?" हा प्रश्न आधी विचारायचा नाही. आधी, "कसं वाटलं?" मग, "शर्ट का राहिला?" एक ट्यूटर 2017 च्या खरिपात वॉर्डात होत्या. त्या वर्षी जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्या म्हणतात, "तेव्हा हे विचारायला कोणी बसलं नव्हतं." मॅडम मान हलवतात, मध्ये बोलत नाहीत.

4.40
काचा निळ्या खुणेच्या डब्यात. पिशवीत नऊ अँप्यूल उरल्यात. पुढच्या वर्गाला किमान बारा लागतील.