अतिश्रम आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ति

लावणी आटोपली आणि चार दिवसांत घरांतील कर्त्या माणसानें अंथरूण धरलें, हा प्रकार आमच्या तिकोणा पेठेच्या बाजूस नवा नाहीं. पाऊस बाधला, असें म्हणून आपण तो विषय सोडून देतों. परंतु त्याच पावसांत गुरें राखणारीं मुलेंहि भिजतात, आणि तीं सगळींच आजारी पडत नाहींत. तेव्हां पावसाखेरीज दुसरें कांहीं कारण आहे काय, हें पाहणें अगत्याचें आहे.

या प्रश्नाचा अभ्यास लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्यांवरून पुष्कळ झाला आहे. सन १९८२ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन येथें ५६ किलोमीटरांची शर्यत झाली. तींत धावलेल्या १५० जणांची पुढें दोन आठवडे विचारपूस केली असतां शेंकडा ३३ जणांस सर्दी, घसा धरणें असे विकार झाल्याचें आढळलें. त्यांच्याच घरांतील न धावलेल्या माणसांत हें प्रमाण शेंकडा १५ होतें. सन १९८७ च्या लॉस एंजेलिस येथील ४२ किलोमीटरांच्या शर्यतीनंतर आठवड्याभरांत शेंकडा सुमारें १३ धावणारे आजारी पडले. नांव नोंदवून पुढें न धावलेल्या तशाच सरावाच्या लोकांत हें प्रमाण शेंकडा २ होतें.

याची उपपत्ति अशी. रक्तांतील पांढऱ्या पेशी ह्या शरीराच्या पहारेकरी होत. कष्ट चालू असतांना त्या मोठ्या संख्येनें रक्तांत उतरतात. कष्ट थांबल्यावर कांहीं तास त्यांपैकीं कांहीं प्रकारच्या पेशींची संख्या नेहमीपेक्षांहि खालीं जाते. तेवढा वेळ रोगास दार उघडें राहतें, असें पुष्कळ वर्षें मानीत. सन २०१८ मध्यें इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं यास हरकत घेतली. त्यांच्या मतें या पेशी नष्ट होत नाहींत, तर फुप्फुसें, आंतडीं अशा ठिकाणीं पहाऱ्यास जातात; आजाराचा दोष अपुरी झोंप, अपुरें अन्न, चिंता आणि गर्दी यांकडे अधिक जातो. नेमस्त व नित्याचे श्रम प्रकृतीस हितकर, याविषयीं मात्र वाद नाहीं.

आतां आपली लावणी पाहा. पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत ओणवें काम, ओलीं वस्त्रें, घाईचें जेवण, तुटक झोंप. वर सांगितलेलीं सर्व कारणें येथें एकत्र येतात. शिवाय चिखलानें भिजून फुगलेल्या कातडीच्या चिरांतून उंदरांच्या मुतांतील लेप्टोस्पायरोसिसचे जंतु शरीरांत शिरतात. म्हणून लावणीच्या दिवसांतील ताप हा श्रमाचाच समजून अंगावर काढूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें, आणि आपण चिखलांत काम करीत होतों हें त्यांस सांगावें.

बैलाची गोष्टहि हीच आहे. घटसर्पाचे जंतु कित्येक निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशांत असतात. उन्हाळाभर अर्धपोटीं राहिलेला बैल पहिल्या पावसांत एकाएकीं दिवसभर चिखलणीस जुंपला, कीं त्याची शक्ति खचते आणि रोग उचल खातो. गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि बहुधा एक-दोन दिवसांत दावण रिकामी होते. लस पाऊस पडण्यापूर्वींच टोंचून घ्यावी, कारण तिचा गुण येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. टोंचल्यावर कांहीं दिवस बैलास जड काम देऊं नये.

सारांश, कष्ट टळत नाहींत, परंतु त्यांची वांटणी आपल्या हातीं आहे. रोपें एकदम न टाकतां आठ-आठ दिवसांच्या अंतरानें टाकावीं, म्हणजे लावणीहि टप्प्यानें येते. सावडीनें माणसें जोडावीं. दुपारीं पोटभर जेवण व घटकाभर विसांवा द्यावा. रात्रीं कोरडें वस्त्र आणि पुरती झोंप मिळावी. बैलास जुंपणीच्या महिनाभर आधीं पेंड सुरू करावी व पहिले दिवस अर्धाच वेळ जुंपावें. एका दिवसाची विश्रांति महाग वाटते खरी. पण ऐन लावणींत माणूस किंवा बैल पडला, तर त्या हंगामाचें खाचर पडीक राहतें.