चिंकाऱ्याला सायकल दिसत नाही, माणूस दिसतो

कार्ले आणि भाजे लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, बेडशाचं लेणं मात्र पूर्वेकडे. चैत्यगृहाच्या पुढच्या उंच खांबांवर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी कोरली आहेत. ती ज्या दिशेला बघतात, त्या दिशेला पाऊस झपाट्याने आटत जातो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बेडशापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, बारामती तालुक्यातल्या सुप्यात तो पाचशेच्या आसपास असतो. सायकलवरून हा फरक फार छान कळतो. पवन मावळातली भातखाचरं आणि करवंदीच्या जाळ्या मागे पडतात. दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव असं जाताना बोरी-बाभळी दिसू लागतात आणि मोज्यांत कुसळं घुसतात.

हे वाळवंट नव्हे, निमशुष्क माळरान. सरकारदरबारी अशा जमिनीची नोंद बऱ्याचदा 'पडीक' अशी होते, हे आपलं अज्ञान. लांडगा, खोकड आणि चिंकारा यांचं हे हक्काचं घर आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, 1997 साली मुख्यतः चिंकाऱ्यासाठी राखलेलं.

सायकलस्वारांमध्ये एक समजूत पक्की आहे : सायकलला ना आवाज ना धूर, मग प्राण्यांना तिचा त्रास कसला? हा प्रश्न अमेरिकेतल्या युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेकमधल्या अँटिलोप बेटावर तपासला गेला. ऑड्री टेलर आणि रिचर्ड नाइट यांनी तिथले बायसन, हरणं आणि हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न पायी चालणाऱ्यांना कसे बुजतात आणि सायकलवाल्यांना कसे, याच्या नोंदी घेतल्या. 2003 साली निष्कर्ष छापून आले. दोघांत फारसा फरक नव्हता! फरक पडत होता तो वाट सोडल्याने. वाटेवरच्या माणसापासून शंभर मीटरच्या आत असलेला प्राणी पळण्याची शक्यता सुमारे 70 टक्के होती. म्यूल डिअर जातीच्या हरणांच्या बाबतीत माणूस वाट सोडून चालू लागला, की ती 96 टक्क्यांवर जात होती. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. प्राण्यांच्या किती जवळ गेलेलं चालेल, असं फिरायला आलेल्यांना विचारलं, तर सरासरी उत्तर आलं 59 मीटर. प्राणी प्रत्यक्षात पळत होते सरासरी दीडशे मीटरवरूनच.

थोडक्यात, आपण दोन चाकांवर आहोत याचं चिंकाऱ्याला काही पडलेलं नाही. सायकलच्या शांतपणाचा तर उलटा तोटाही होतो. वळणावर आपण अचानक समोर येतो आणि प्राण्याला सावरायला वेळच मिळत नाही.

पळाला तर पळाला, असं म्हणून चालत नाही. भर उन्हात सायकल मारताना आपल्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि आपल्याला पुढच्या टपरीवर पाणी मिळतं. चिंकारा बराचसा ओलावा पाल्यातून आणि दवातून मिळवतो, म्हणून दुपारी सावलीत बसून राहतो. त्याच्या आफ्रिकी नात्यातल्या थॉमसन गझेलवर प्रयोग झाले आहेत. धावताना तिचं अंग तापतं, पण नाकात थंड झालेल्या रक्तामुळे मेंदूकडे जाणारं रक्त निवतं आणि मेंदू शरीराहून दोनेक अंशांनी थंड राहतो. यंत्रणा अफलातून आहे, पण ती चालते नाकातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनावर, म्हणजे पुन्हा पाण्यावरच.

टिटवीचंही तेच. उन्हाळ्यात ती उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते. बहुधा चार, मातकट, काळ्या ठिपक्यांची. पावलाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ऊन तापलं की ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. शॉर्टकट म्हणून आपण सायकल माळात घातली आणि ती ओरडत उठली, की आपण तिथून हलेपर्यंत अंडी उन्हात तापत राहतात.

तेव्हा माळावर जायचंच असेल तर उजाडताना जा आणि रुळलेला रस्ता सोडू नका. अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळा. चिंकारा दिसला तर त्याच्या दिशेने वळू नका, आहात त्याच वाटेने सावकाश पुढे जा. फोटोसाठी सायकल आडवी टाकून गवतात शिरण्यापेक्षा दुर्बीण बाळगा. दीडशे मीटरवरून ती पुरेशी असते.