पैनगंगेच्या काठचे बर्फाचे ओरखडे

अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि आम्ही वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढं हिमनद्यांवर बोलायला उभे आहोत. पण आज सुरुवात अंटार्क्टिकापासून नाही, पैनगंगेपासून करू.

ही नदी बुलढाण्यात उगवते, यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा धरून वाहते आणि शेवटी वर्धेला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात, चंद्रपूरच्या पश्चिम-नैऋत्येला, इरई नावाचं गाव आहे. (चंद्रपूरजवळून वाहणारी इरई नदी वेगळी. नावात घोटाळा होतो म्हणून आधीच सांगून ठेवतो.) तिथं नदीकाठी चुनखडकाचा एक पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला सापडला. त्यावर एकाच दिशेनं गेलेल्या समांतर रेघा होत्या, आणि वर मातीत रुतलेल्या लहानमोठ्या धोंड्यांचा थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली ही नोंद छापली.

आता रेघा तर बैलगाडीच्या चाकानंही पडतात. मग हे बर्फाचंच काम, असं कशावरून?

आधी धोंडे बघा. आपल्या कुठल्याही नाल्यात गेलात की गोटे गोल झालेले दिसतात, आणि पाणी त्यांची निवड करतं. जड गोटे मागं राहतात, वाळू पुढं जाते, गाळ त्याच्याही पुढं. बर्फाला अशी निवड करता येत नाही. हत्तीएवढा दगड आणि पिठासारखी माती तो एकत्रच वाहून नेतो आणि वितळला की सगळं एका ढिगात टाकतो. इरईचा थर तसाच बिननिवडीचा आहे. अशा थरांतल्या काही दगडांना तर एखादी बाजू घासून सपाट झालेली असते, त्यावरही ओरखडे.

दुसरं म्हणजे खालचा खडक. खरं तर नुसत्या बर्फानं खडकावर ओरखडा उठत नाही, बर्फ त्या मानानं मऊ. काम करतात ते हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड. वरून शेकडो मीटर बर्फाचा दाब आणि खाली हे दगड, म्हणजे डवऱ्यावर माणूस उभा राहिल्यासारखं. डवरणीच्या ओळी बघून जसं औत कुठल्या अंगानं चाललं ते कळतं, तसं या रेघांवरून बर्फ कुठल्या रेषेत सरकला ते कळतं.

असा धोंड्यांचा थर भारतात पहिल्यांदा ओळखला गेला ओडिशातल्या तालचेरला, १८५६ मध्ये. ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड तिथं कोळशाचं क्षेत्र तपासत होते. बर्फाशिवाय याचा उलगडा होत नाही, हे त्यांना दिसलं; पण उष्ण कटिबंधात हिमनदी म्हणायला जीभ रेटेना. नदीच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फानं धोंडे वाहून नेले असतील, अशी सावध मांडणी त्यांनी केली. इरईचा घासलेला खडक सापडल्यावर ती मांडणी अपुरी पडायला लागली. आम्हाला यात ब्लॅनफर्ड मंडळींचं हसू येत नाही. तेव्हा हातात असलेल्या पुराव्याइतकंच ते बोलले.

मग अमरावती-अकोल्यात असं काही का दिसत नाही? कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर इथं पसरले. आपली काळी जमीन त्याच खडकाची. त्याच्या खालचं जुनं बघायचं तर काठावर जावं लागतं. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला गोंडवाना काळातला वालुकाश्म उघडा पडलेला आहे. यात्रेला जाणारे त्याच्यावरूनच चालतात, पण तो बर्फाच्या बराच नंतरचा.

इरईचा बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथंही त्याच काळातले ओरखडे आहेत, आणि काही ठिकाणी दिशा अशी की बर्फ समुद्रातून वर जमिनीवर चढला असं म्हणावं लागेल. आजच्या नकाशावर हे अशक्य. पण हे सगळे भूखंड दक्षिण ध्रुवाभोवती जोडून ठेवा, रेघा एका मोठ्या हिमस्तराच्या मधून बाहेर निघतात. भूखंड सरकतात हे सांगताना आल्फ्रेड वेगेनर यांनी हा पुरावा पुढं ठेवला होता.

बर्फ वितळल्यावर त्या ओल्या जमिनीवर ग्लॉसोप्टेरिसची जंगलं वाढली, जिभेच्या आकाराच्या पानांची. तीच पानं नागपूरजवळ कामठीच्या खडकांत सापडतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्यांचे साथीदार वाटेत मेले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड निघाले. अन्न-इंधन संपत आलं तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते.

भारताचं अंटार्क्टिकातलं ‘भारती’ हे केंद्र २०१२ साली लार्समन टेकड्यांवर सुरू झालं. एके काळी भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटलेला तो भाग. शेजारीच अ‍ॅमेरी आइस शेल्फ आहे, म्हणजे जमिनीवरून सरकत आलेला आणि पुढं समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ. त्यातून सप्टेंबर २०१९ मध्ये सुमारे १,६०० चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला. असे तुकडे पडणं हा तिथला नेहमीचा व्यवहार, त्या एका घटनेचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण जगातल्या हिमनद्या एकूण आटत चालल्या आहेत, त्यात हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा आहे, आणि वणीचा कोळसा म्हणजे त्याच जुन्या जंगलांचा कार्बन. बर्फ गेल्यावर जो जमिनीत साठला तो आपण आता वर काढतो आहोत.

आता मुद्दा इरईसारख्या जागांचा. लोणार सरोवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे, कारण ते दिसतं, फोटोत छान येतं. घासलेला खडक तसा नसतो. शिवाय तो चुनखडक. वरचा धोंड्यांचा थर आहे तोवर रेघा सुरक्षित. उघड्या पडल्या की पावसाचं पाणी चुना विरघळवतं आणि रेघा पुसट होत जातात. त्यात भर म्हणजे याच पट्ट्यातला चुनखडक सिमेंटसाठी खणला जातो. कारखाने बंद करा असं आम्ही म्हणत नाही, लोकांची पोटं त्यावर आहेत. पण खाणीआधी रेघांची मोजणी आणि नोंद होणं अवघड नाही.

वणी, कोरपना भागात कुणाचे पाहुणे असतील त्यांनी नदीचं पाणी उतरल्यावर जरूर जावं. भर दुपारी जाऊ नका, उभ्या उन्हात रेघा दिसत नाहीत. सकाळचं तिरपं ऊन हवं. फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, होकायंत्रानं दिशा लिहून घ्या. हातोडी घरीच राहू द्या.