यंत्राच्या पाठीवरचे ओझे

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात जाणकार शेतकरी बैलाचे दात, शिंगे पाहून झाल्यावर त्याला चार पावले चालवून पाहतो. 15 जानेवारी 2025 रोजी पुण्यातील सेनादिनाच्या संचलनात लोकांनी अशीच चाल निरखली. चालत होती ती मात्र चार पायांची यंत्रे. लष्कराने त्यांना ‘म्यूल’, म्हणजे खेचर, हे नाव दिले आहे.

चाके पायऱ्यांपाशी व दगडगोट्यांत अडतात. म्हणून रचनाकारांनी चतुष्पादांची चाल उचलली. दुडक्या चालीत कर्णरेषेतील दोन पाय एकाच वेळी उचलले जातात, उरलेले दोन भार पेलतात. पाय घसरताच संवेदक ते टिपतात आणि संगणक पुढचे पाऊल बदलतो. खेचराला हे जन्मतःच येते. यंत्राला पावलागणिक गणित मांडावे लागते.

जमाखर्च पाहिला तर जमेची बाजू अद्याप लहान आहे. हे यंत्र सुमारे 15 किलो सामान वाहते. जिवंत खेचर त्याच्या कितीतरी पट. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’, म्हणजे मुक्या जिवावर शक्तीबाहेर ओझे लादणे, गणले आहे. लष्करी उपयोगाचा प्रश्न निराळाच. पण हा एक दोष टळण्याची वाट येथे दिसते. तूर्त डोंगरवाटेवरच्या जड पेट्या खेचराच्याच पाठीवर आहेत.